फाईल आहे, पण गावंना: ऑफिसातली कागदपत्रं दर महिन्याला का हरवतात आणि कशी सापडतात

"ताई, बिल गावंना झालंय. मघापासून शोधालोय."

हे वाक्य आमच्या ऑफिसात दर महिन्याला ठरलेल्या दिवशी ऐकू यायचं. अकरा तारखेला जीएसटीआर-१ हे विक्रीचं रिटर्न, वीस तारखेला जीएसटीआर-३बी हे कर भरायचं रिटर्न, आणि त्याच्या आदल्या संध्याकाळी कुठलं तरी एक बिल गायब. मी बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका छोट्या मशीन शॉपचं ऑफिस बघते. कास्टिंग येतं, आम्ही त्याचं मशीनिंग करतो, काही माल पावडर कोटिंगला बाहेर जातो, परत येतो आणि गिऱ्हाइकाकडे रवाना होतो. एका नगाच्या पाठीमागे पाच-सहा कागद असतात. ते सगळे आम्ही कधीचेच कॉम्प्युटरवर घेतले होते. तरी सापडत नव्हते.

बेळगाव, निपाणी, खानापूर, चिकोडी भागात ज्यांचं दुकान, गोदाम किंवा कारखाना आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे, कारण आपल्याकडे ही अडचण जरा वेगळी आहे. पुण्याच्या माणसाचे कागद दोन भाषांत असतात. आपले तीन भाषांत असतात, आणि एकेका गावाचं, एकेका पार्टीचं नाव चार तऱ्हांनी लिहिलेलं असतं.

आधी नेमकं काय घडलं ते सांगते. काही वर्षांपूर्वी आम्हाला जीएसटी खात्याची एएसएमटी-१०, म्हणजे रिटर्नमधल्या तफावतीचा खुलासा मागणारी नोटीस आली. उत्तराला तीस दिवस. कोल्हापूरकडच्या एका पार्टीकडून घेतलेल्या टूल्सची सात बिलं दाखवायची होती. सहा दिवसभरात निघाली. सातव्यासाठी चार दिवस गेले. कपाट उपसलं, पार्टीला फोन केला, त्यांच्याकडचा माणूस सोडून गेलेला. शेवटी ते बिल आमच्याच कॉम्प्युटरवर निघालं, आणि तेही तीन ठिकाणी. एक स्कॅनरने दिलेल्या नुसत्या क्रमांकाच्या नावाने, एक व्हॉट्सॅपच्या फोटोच्या नावाने, आणि एक पार्टीच्या नावातलं एक अक्षर चुकवून. तीन प्रती असूनही एकही शोधात येत नव्हती. त्या रात्री घरी जाताना मला कळलं की आमचा घोळ कागद जपण्यात नव्हता, कागदाला हाक मारण्यात होता.

पहिली तपासणी, अर्ध्या मिनिटाची. जी फाईल शोधात येत नाही ती उघडा आणि माउसने एखादा शब्द निवडून बघा. शब्द निळा झाला तर आत मजकूर आहे. काहीच निवडलं गेलं नाही किंवा अख्खं पान एकदम निळं झालं, तर तो नुसता फोटो आहे. पीडीएफ म्हटली की आत अक्षरं असतातच असं आपण धरून चालतो. स्कॅनरने काढलेली पीडीएफ बहुतेक वेळा चित्रच असते. तुम्ही पार्टीचं नाव टाकून कितीही शोधा, कॉम्प्युटरला त्या चित्रातलं एकही अक्षर माहीत नसतं.

यावर उपाय ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून पीडीएफच्या पोटात मजकुराचा थर घालणं. त्यासाठी पैसे मोजायची गरज नाही. नॅप्स-टू नावाचं फुकटचं स्कॅनिंग सॉफ्टवेअर आहे, ते टेसरॅक्ट हे ओसीआर इंजिन वापरतं. त्यात भाषा निवडाव्या लागतात, आणि आपल्याकडचे लोक नेमके इथेच फसतात. इंग्रजी तेवढी निवडली की मराठी पत्र आणि कानडी पावती दोन्हींचा कचरा होतो. इंग्रजी, मराठी, कानडी अशा तिन्ही भाषा उतरवून घ्या. तिन्ही एकदम लावल्या तर वेळ जास्त लागतो आणि चुकाही वाढतात, म्हणून आम्ही कागदाचे दोन गठ्ठे करतो: बिलं, माल वाहतुकीची ई-वे बिलं इंग्रजीवर, सरकारी कागद, जमिनीचे पहाणी उतारे, पंचायतीच्या पावत्या कानडी अधिक इंग्रजीवर.

स्कॅन ३०० डीपीआयवर करा. २०० वर इंग्रजी निभावतं, पण कानडीत अक्षराच्या खाली लागणारी जोडाक्षरं आणि मराठीतले रफार, मात्रा एकमेकांना चिकटतात. आणखी एक, काळं-पांढरं ठेवू नका, ग्रे ठेवा. आपल्याकडे आवकचा जांभळा शिक्का बरोबर बिलाच्या नंबरावरच मारायची पद्धत आहे. काळ्या-पांढऱ्यात तो शिक्का नंबर गिळून टाकतो. आम्ही गोदामातल्या पोराला शिक्का खालच्या कोपऱ्यात मारायला लावला. सॉफ्टवेअर बदलून झाला नसता एवढा फरक त्या एका सवयीने पडला.

आता अशी फाईल घ्या जिच्यात शब्द निवडता येतो, तरी शोधात येत नाही. त्यातला एक शब्द कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. मराठी शब्दाच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा गोंधळ उमटला, तर ते पत्र श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेलं आहे. कानडी कागदांत नुडीच्या जुन्या फॉन्टने हेच होतं. पडद्यावर अक्षर सुरेख दिसतं, आत मात्र दुसरंच काही साठवलेलं असतं. अशा फाईलवर शोध कधीच चालणार नाही. मूळ फाईल हाताशी असेल तर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरवर सारखीच वाचली जाणाऱ्या अक्षरपद्धतीत, बदलून घ्या. नसेल तर छापून पुन्हा स्कॅन करा आणि ओसीआर लावा. उलटा घास वाटेल, पण पंधरा वर्षांची जुनी कराराची पत्रं आम्ही अशीच सोडवली.

युनिकोडमध्ये टाईप केलेल्या मराठीतही एक सापळा आहे. 'व्यापाऱ्याचा' या शब्दातला 'ऱ्य' दोन वेगळ्या पद्धतींनी टाईप होतो. एका कीबोर्डवर नुक्त्याचा र वापरतात, दुसऱ्यावर साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं चिन्ह. डोळ्याला दोन्ही सारखेच. कॉम्प्युटरला ते दोन वेगळे शब्द. माझ्या मशीनवर मी लिहिलेलं मला सापडायचं आणि शेजारच्या टेबलावरून तोच शब्द टाकला की शून्य. आकड्यांचंही तसंच. मराठी आकड्यांत लिहिलेलं साल इंग्रजी आकडे टाकून शोधलं तर कित्येक ठिकाणी लागत नाही. म्हणून फाईलच्या नावात मराठी अक्षरं आणि मराठी आकडे वापरायचेच नाहीत असं आम्ही ठरवलं. आपल्या भाषेवर प्रेम आहे म्हणून मला ते जड गेलं. पण पत्राच्या आत मराठी ठेवा, फाईलच्या नावात इंग्रजी अक्षरं आणि आकडे ठेवा.

आता मूळ रोगाकडे येते, म्हणजे नावाकडे.

१ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदावर बेळगावचं इंग्रजी नाव बदललं. त्याआधीच्या कागदांवर 'बेलगाम', नंतरच्यांवर 'बेळगावी', आणि कित्येक पार्ट्यांच्या बिलबुकांवर अजून जुनंच छापलेलं. हुबळीचं तेच, विजापूरचं तेच. निपाणी तर कोणी एका पी ने लिहितो, कोणी दोन पी ने. पार्टीचं नावही असंच. दारावर मराठी पाटी, बिलावर इंग्रजी, सरकारी लायसन्सवर कानडी, आणि आमच्या खातेवहीत मालकाच्या आडनावाने खातं. शोधणाऱ्याने यातलं नेमकं कुठलं नाव टाकायचं? स्पेलिंगचा नियम करून बघितला. दोन महिनेही टिकला नाही, कारण नवीन माणूस आला की त्याचं स्पेलिंग नवीन.

मग लक्षात आलं की प्रत्येक कागदावर एक गोष्ट अशी असते जी तिन्ही भाषांत तीच राहते. नंबर. हेस्कॉम या वीज कंपनीच्या बिलावरचा आरआर (ग्राहक) नंबर, उताऱ्यावरचा सर्व्हे नंबर, ई-वे बिलाचा बारा आकडी नंबर, आणि पार्टीचा जीएसटी नंबर. त्या दिवसापासून आम्ही नावाने शोधणं सोडलं.

जीएसटी नंबर पंधरा अक्षरांचा. पहिले दोन आकडे राज्याचे, कर्नाटक २९ आणि महाराष्ट्र २७. पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. सीमेवरच्या धंद्याला हे नीट समजून घेणं फार गरजेचं आहे. आमची एक पार्टी आहे, तिचं एक युनिट इथे आणि दुसरं शिनोळीत. शिनोळी वेंगुर्ला रोडवर अगदी हाकेच्या अंतरावर, पण चंदगड तालुका, महाराष्ट्र. नाव तेच, मालक तोच, पॅन तोच, नंबराची सुरुवात मात्र एकीकडे २९ आणि दुसरीकडे २७. इथल्या बिलावर राज्यातल्या राज्यात लागणारे सीजीएसटी आणि एसजीएसटी, शिनोळीच्या बिलावर दोन राज्यांमधल्या व्यवहाराचा आयजीएसटी. नावाने फोल्डर केला तेव्हा दोन्ही बिलं एकत्र पडायची आणि महिन्याअखेर जीएसटीआर-२बी या पोर्टलवरच्या खरेदीच्या पत्रकाशी जुळवताना कर भलत्याच रकान्यात दिसायचा. म्हणजे एक पार्टी, एक फोल्डर हा सरळ वाटणारा नियम आपल्याकडे चुकतो. एक जीएसटी नंबर, एक कोड असंच पाहिजे.

आम्ही एक साधी एक्सेल शीट केली. पहिल्या रकान्यात आमचा कोड, पी०४७ असा. दुसऱ्यात पूर्ण जीएसटी नंबर. तिसऱ्यात पार्टीची सगळी नावं, जशी जशी कागदावर भेटतील तशी: मराठी, इंग्रजी, जुनं, नवं, मालकाचं आडनाव, गाडीवाला ज्या नावाने ओळखतो तेही. नाव आठवलं तर इथे शोधा, कोड घ्या, मग कोडने फाईल शोधा. एकशे साठेक पार्ट्यांची शीट भरायला आम्हाला तीन शनिवार लागले. या सगळ्या खटाटोपात सर्वात जास्त उपयोग याच शीटचा झाला. बाकीचं काही जमलं नाही तरी एवढं करा असं मी कळकळीने सांगेन.

नावाच्या खालोखाल त्रास दिला तो बिल नंबरातल्या तिरक्या रेघेने. जीएसटीच्या नियमात बिल नंबर जास्तीत जास्त सोळा अक्षरांचा, आणि त्यात आडवी रेघ आणि तिरकी रेघ दोन्ही चालतात. त्यामुळे पार्ट्या 'व्हीआर/२४-२५/११८' असे नंबर छापतात. विंडोजमध्ये फाईलच्या नावात तिरकी रेघ चालतच नाही. मग माझ्या हाताखालच्या मुलीने तिथे आडवी रेघ घातली, गोदामातल्या पोराने जागा सोडली, मी अधोरेघ घातली, आणि एका सुट्टीतल्या पोराने ती गाळूनच टाकली. एकाच बिलाची चार नावं तयार. नोटिशीतलं सातवं बिलही अशाच वेगवेगळ्या नावांमुळे लपलं होतं. आता नियम एकच: तिरकी रेघ दिसली की तिथे आडवी रेघ, दुसरं काही नाही. आमचं नाव असं पडतं: २०२४०६१२_खरेदी_पी०४७_व्हीआर-२४-२५-११८. कॉम्प्युटरवर हे सगळं इंग्रजी अक्षरांत आणि आकड्यांत असतं.

तारीख साल, महिना, दिवस अशी उलटी का, असं सगळे विचारतात. दिवस आधी लिहिला की जानेवारीची बारा तारीख आणि जूनची बारा तारीख शेजारी-शेजारी येऊन बसतात. साल आधी लिहिलं की फायली आपोआप काळाच्या क्रमाने लागतात. आणि तारीख बिलावरची घाला, स्कॅन केलेल्या दिवसाची नको.

नाव बरोबर, मजकूर आत, तरी शोध रिकामा येत असेल तर विंडोजकडे बघा. मूळ सेटिंगमध्ये विंडोज फक्त डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, म्युझिक आणि डेस्कटॉपची सूची करून ठेवतं. आपण मात्र सगळा ऑफिसचा माल डी ड्राइव्हवर ठेवतो. तिथे शोधलं की ते नुसती नावं चाळतं, फाईलच्या आत बघत नाही. सेटिंगमध्ये 'सर्चिंग विंडोज' उघडून 'क्लासिक'च्या जागी 'एनहान्स्ड' करा, किंवा तो एक फोल्डर सूचीत घाला. हे ज्या मशीनवर फोल्डर प्रत्यक्ष आहे तिथे करायचं. आपल्या टेबलावरच्या मशीनवर करून उपयोग नाही. सूची तयार व्हायला रात्रभर लागू शकते, मशीन चालू ठेवून जा.

फोल्डरात फोल्डर घालायची हौस आवरा. विंडोजमध्ये पत्त्याची लांबी साधारण २६० अक्षरांपर्यंतच धड चालते, आणि मराठीत ती फार लवकर संपते. 'व्यापाऱ्यांची' हा शब्द आपल्याला चार अक्षरांचा वाटतो, कॉम्प्युटर त्यात तेरा खुणा मोजतो. मर्यादा ओलांडली की ती फाईल बॅकअपमध्ये मुकाट्याने गळू शकते. आमच्या २०२१ च्या काही चलनांचं, म्हणजे मालाबरोबर जाणाऱ्या चिठ्ठ्यांचं, तसंच झालं होतं. साल, प्रकार, बस्स, दोनच पायऱ्या. बाकीची ओळख फाईलच्या नावातच आहे.

व्हॉट्सॅपचं बोलायलाच हवं, कारण आपल्याकडे अर्धा धंदा त्यावर चालतो. पार्टीने बिल फोटो म्हणून पाठवलं की ते दाबून लहान होतं आणि मूळ नाव जाऊन तारीख आणि अनुक्रमांक तेवढा उरतो. त्यावर ओसीआरही धड लागत नाही. पार्टीला नम्रपणे सांगा, "दादा, फोटो नको, डॉक्युमेंट म्हणून टाका." डॉक्युमेंट म्हणून आलेली फाईल जशीच्या तशी राहते. आणि आलेलं बिल त्याच दिवशी फोनमधून बाहेर काढा. महिन्यांनी उघडायला जाल तर ते उतरवताच येत नाही, पुन्हा पाठवायला सांगा म्हणतं. सुपरवायझरच्या फोनवर बिलं येत असतील तर तो नोकरी सोडेल तेव्हा बिलंही त्याच्याबरोबर जातील. ऑफिसचा एक वेगळा नंबर ठेवा.

वजनकाट्याच्या चिठ्ठ्या आणि डिझेलच्या पावत्या उष्णतेने छापणाऱ्या कागदावर असतात. उन्हात गाडीच्या काचेपाशी राहिल्या तर थोड्या दिवसांत कोऱ्या होतात. हातात पडेल त्याच दिवशी स्कॅन. याला दुसरा इलाज नाही.

हाताने लिहिलेली जॉबवर्कची, म्हणजे बाहेरून काम करून घ्यायला पाठवलेल्या मालाची चलनं हा सगळ्यात चिवट भाग. त्यावर ओसीआर चालत नाही, आणि हरवून चालत नाही, कारण जॉबवर्कला गेलेला माल एका वर्षात परत आल्याचा पुरावा तेच असतं. इथे सीमेने आमचं काम उलट सोपं केलं. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जॉबवर्कला माल पाठवला तर रक्कम कितीही कमी असो, ई-वे बिल लागतंच. एरवी पन्नास हजारांपर्यंतच्या मालाला असते ती सवलत तिथे नाही. शिनोळीला चार हजारांचे ब्रॅकेट कोटिंगला गेले तरी बारा आकडी नंबर तयार होतो. आम्ही तोच नंबर चलनावर पेनाने ठळक लिहितो आणि फाईलच्या नावात घालतो. बेळगावातल्या बेळगावात गेलेल्या लहान मालाला हा नंबर नसतो, तिथे आमचाच चलन नंबर, आणि तो हाताने टाईप करण्यावाचून गत्यंतर नाही. दिवसाला पाच-सहा चलनं असतात. दहा मिनिटांचं काम आहे, पण संध्याकाळी साडेपाचला रोज, उद्यावर न ढकलता.

किती वर्षं जपायचं? जीएसटीचे कागद त्या वर्षाच्या वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने. म्हणजे २०२२-२३ चे कागद, ज्यांची मुदत ३१ डिसेंबर २०२३ होती, ते २०२९ च्या डिसेंबरअखेरपर्यंत. अपील किंवा चौकशी चालू असेल तर त्याहून जास्त. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असेल तर हिशेबाची पुस्तकं आठ वर्षं. स्कॅन झालं म्हणून खरेदीखत, स्टॅम्प पेपरवरचा करार, बँकेचे मूळ कागद यांना हात लावू नका. त्यांची किंमत कागदातच आहे.

बॅकअपबद्दल एकच गोष्ट आग्रहाने. सतत जोडून ठेवलेली हार्डडिस्क हा बॅकअप नव्हे. वळवाच्या पावसात वीज कडाडली की कॉम्प्युटर आणि डिस्क दोन्ही एकदम जातात, आणि व्हायरसने फायली कुलुपबंद केल्या तर जोडलेली डिस्कही त्यात जाते. २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरात आपल्या जिल्ह्यात किती दुकानांतले दप्तर चिखलात गेले ते आपण सगळ्यांनी बघितलंय. एक प्रत क्लाउडवर, एक डिस्क आठवड्याने जोडून, प्रत घेऊन, काढून मालकाच्या घरी. आणि महिन्यातून एकदा त्या डिस्कवरची एखादी फाईल उघडून बघा. नुसती दिसते म्हणून समाधान मानू नका.

सगळं लावून झालं की बिघाड पुन्हा कुठून शिरतोय ते कळायला आम्ही शनिवारी एक चाचणी घेतो. कपाटातून डोळे मिटून एक जुना कागद काढायचा आणि ऑफिसात सगळ्यात नवीन असलेल्या माणसाला त्यावरचा नुसता नंबर सांगून तो कॉम्प्युटरवर शोधायला लावायचं. दोन मिनिटांत सापडला तर ठीक. नाही सापडला तर त्याला काही बोलायचं नाही, फाईल उघडून वरच्या क्रमाने बघायचं: शब्द निवडता येतो का, नोटपॅडमध्ये नीट चिकटतो का, कोड शीटमध्ये आहे का, रेघ आडवी आहे का, फोल्डर सूचीत आहे का. गेल्या शनिवारी २०२० मधलं एक चलन निघालं नाही. कोड बरोबर होता, तारखेत महिना आणि दिवस उलटे पडले होते. त्या महिन्याची सगळी चलनं आता पुन्हा तपासते आहे, निम्मी झाली आहेत.